कॅल्क्युलेटरच्या प्रोसेसरची रचना : उगम, विकास आणि प्रचलित इतिहासाची चिकित्सा

प्रस्तावना

मायक्रोप्रोसेसरचा इतिहास सांगताना आरंभीच्या एक-दोन परिच्छेदांत कॅल्क्युलेटरचा उल्लेख येतो आणि तेथेच तो संपतो. जपानमधील बिझिकॉम या कंपनीने कॅल्क्युलेटरसाठी चिप मागितल्या, त्या पुरवताना अमेरिकेतील इंटेलने ४००४ हा प्रोसेसर घडविला आणि त्यापासून ८००८, ८०८० व ८०८५ हे प्रोसेसर ओळीने जन्मास आले, अशी ही सरळ वंशावळ आहे. इस्लामपूर-सांगली परिसरासह महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत ८०८५ हा प्रोसेसर अनेक वर्षे अभ्यासक्रमाचा कणा होता; त्यामुळे ही वंशावळ येथील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना परिचित आहे. तिच्यात कॅल्क्युलेटरचे स्थान निमित्तमात्र आहे. संगणकाकडे जाणाऱ्या जिन्याची ती पहिली पायरी, आणि वर चढल्यावर पायरीकडे कोणी मागे वळून पाहत नाही.

हे चित्र दोन कारणांनी सदोष आहे. एक तर ती वंशावळ वस्तुस्थितीला धरून नाही. दुसरे, आणि अधिक महत्त्वाचे, असे की कॅल्क्युलेटरच्या प्रोसेसरला स्वतःचे असे रचनाशास्त्र होते. ‘शब्द’ किंवा ‘बाइट’ ही त्याची मूळ घटकवस्तू नसून कागदावर लिहिला जाणारा दशमान अंक हीच ती होती. या एका निवडीतून स्मृतीची मांडणी, आज्ञांचे स्वरूप, गणिताच्या रीती आणि चिपचा आकारही ठरत गेला. प्रस्तुत लेखात या रचनेचा मागोवा घेऊन प्रचलित इतिहासाची तपासणी केली आहे.

दशमान अंक का?

सर्वसाधारण समज असा की संगणक द्विमान पद्धतीने चालतो, म्हणून कॅल्क्युलेटरही तसाच चालत असावा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेला आणि १९६२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते नामकरण झालेला टिफ्रॅक हा संगणक द्विमान होता. त्याचा शब्द ४० बिटांचा होता आणि ते सर्व बिट एकदमच हाताळले जात. विज्ञानातील दीर्घ आकडेमोडीसाठी ही रीत योग्यच होती. परंतु त्याच सुमारास मुंबईतील व्यापारी कचेऱ्यांत येऊ लागलेला आयबीएम १४०१ हा संगणक दशमान होता आणि तो बेरीज करताना उजवीकडून डावीकडे एकेक अंक घेत जाई. म्हणजे एकाच शहरात, एकाच दशकात दोन परस्परभिन्न परंपरा नांदत होत्या. कॅल्क्युलेटर हा या दुसऱ्या परंपरेचा वारस. त्याच्याही आधी दातेरी चाके फिरवून चालणारी फॅसिट, ब्रुन्सविगा यांसारखी यंत्रे होती. तेथे प्रत्येक चाकावर शून्य ते नऊ असे दहा अंक असत, तेव्हा दशमान अंकाखेरीज दुसरा विचारच शक्य नव्हता.

हिशेबाच्या दृष्टीने दशमान पद्धतीचे महत्त्व एका साध्या उदाहरणावरून कळते. दहा पैसे म्हणजे ०.१ रुपया. द्विमान पद्धतीत ०.१ ही संख्या कधीच पूर्ण लिहिता येत नाही, दशमान पद्धतीत एकतृतीयांश लिहिता येत नाही त्याप्रमाणेच. म्हणून आजच्या संगणकावर प्रचलित ६४ बिटांच्या पद्धतीने ०.१ ही संख्या दहा वेळा मिळवली तर उत्तर १ न येता ०.९९९९९९९९९९९९९९९९ असे येते. सहकारी संस्थेच्या खतावणीत हे उत्तर चालणारे नाही. सचिवाला रुपयाच हवा असतो.

येथे एक भारतीय संदर्भ नोंदविणे आवश्यक आहे. १ एप्रिल १९५७ पर्यंत आपला रुपया सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा आणि एकशे ब्याण्णव पईंचा होता. इस्लामपूरसारख्या बाजारपेठेच्या गावातील गूळ-हळदीचा हिशेब याच मापांत होई आणि तो तोंडी करण्यासाठी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी यांचे पाठांतर शाळेत करून घेतले जाई. नाण्यांचे दशमानीकरण झाले नसते तर पुढील दोन दशकांत भारतात आलेला इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर येथील चोपडीच्या उपयोगाचा ठरला नसता. त्याच्या रचनेत आण्याला जागाच नव्हती. यंत्र येण्यापूर्वी चलन यंत्राच्या मापाचे झाले होते, ही गोष्ट कॅल्क्युलेटरच्या प्रसाराची चर्चा करताना क्वचितच ध्यानात घेतली जाते.

पाठांतराचाच धागा पुढे नेला तर आणखी एक गंमत दिसते. दिडकी पाठ केलेला मुलगा उत्तर स्मरणातून काढतो. तो गुणाकार करत नाही. सुरुवातीच्या कॅल्क्युलेटर चिपला मात्र पाढे येत नव्हते. सातासाठी सात वेळा मिळवायचे, मग एक घर सरकायचे, अशा रीतीने ती गुणाकार करी. स्मृती महाग असल्याने पाढे साठविण्यापेक्षा वारंवार बेरीज करणे स्वस्त पडे. चिपचा मोठा भाग अशा काटकसरीने व्यापलेला असे आणि तिच्या रचनेचे मर्म त्या काटकसरीतच शोधावे लागते.

ट्रान्झिस्टरपासून चिपपर्यंत

या टप्प्याचा विस्तार येथे अभिप्रेत नाही. १९६१ साली इंग्लंडमध्ये निर्वात नलिकांवर चालणारा अनिता हा टेबलावरील कॅल्क्युलेटर आला. १९६४ साली जपानच्या शार्प कंपनीने ट्रान्झिस्टरवर चालणारा सीएस-१०ए बाजारात आणला, त्याचे वजन २५ किलो आणि किंमत ५,३५,००० येन होती. १९६८ साली ह्युलेट-पॅकार्ड कंपनीचा ९१००ए हा वैज्ञानिक कॅल्क्युलेटर आला तेव्हा त्याची किंमत ४,९०० डॉलर होती. त्यानंतर अवघ्या चार वर्षांत खिशात मावणारा वैज्ञानिक कॅल्क्युलेटर ३९५ डॉलरला मिळू लागला. हा बदल केवळ चिप लहान झाल्याने घडला असे मानणे अपुरे आहे. त्या चिपवर काय ठेवायचे आणि काय टाळायचे, याचा विचार तितकाच बदलला होता.

४००४ : घर कोणाच्या मापाचे?

१५ नोव्हेंबर १९७१ रोजी जाहीर झालेल्या इंटेल ४००४ मध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. टेड हॉफ, स्टॅन मेझर, फेदेरिको फाजिन आणि बिझिकॉमचे मासातोशी शिमा ही नावे त्याच्याशी निगडित आहेत. प्रचलित कथेत बिझिकॉमची मागणी जुनाट व गुंतागुंतीची आणि हॉफ यांची कल्पना क्रांतिकारक असा विरोध रंगविला जातो. वस्तुतः शिमा यांच्या मूळ आराखड्यातही कॅल्क्युलेटरचे वर्तन स्मृतीत साठविलेल्या आज्ञांनीच ठरणार होते. हॉफ यांचे योगदान मोठे आहे, पण ते आज्ञा अधिक साध्या व सर्वसाधारण करण्याचे आहे. आज्ञा साठवून यंत्र चालविण्याची कल्पना चर्चेच्या टेबलावर आधीच होती.

४००४ ‘सर्वसाधारण उपयोगाचा’ होता, हे विधानही तपासून घ्यावे लागते. त्याच्या सोबतीच्या ४००२ या स्मृतिचिपची क्षमता ३२० बिट होती. हा आकडा दोनाच्या घातांत बसत नाही, म्हणून चमत्कारिक वाटतो. तिच्यात चार रजिस्टरे, प्रत्येक रजिस्टरात चार बिटांची सोळा मुख्य घरे आणि शिवाय चार जादा घरे, अशी मांडणी होती. सोळा घरांत सोळा अंकांची एक संख्या. जादा घरांत तिचे चिन्ह, दशांशचिन्हाचे स्थान यांसारख्या खुणा. म्हणजे स्मृतीचे हे घर कॅल्क्युलेटरमधील संख्येच्या मापानेच बांधलेले होते.

प्रोसेसरच्या आज्ञांतही हीच छाप आहे. ‘केबीपी’ ही आज्ञा चार तारांपैकी कोणत्या एका तारेवर कळ दाबली गेली ते ओळखून तिचा क्रमांक देते आणि एकाहून अधिक कळा एकदम दाबल्या गेल्या तर चुकीची खूण म्हणून १५ देते. ही आज्ञा कळफलकावाचून अन्यत्र निरर्थक आहे. ‘डीएए’ ही आज्ञा तर दशमान गणिताचा गाभाच होय. चार बिटांत ० ते १५ मावतात, पण दशमान अंकाला ० ते ९ एवढेच पुरतात. सहा जागा वाया जातात. ७ आणि ५ मिळवले की १२ होतात, म्हणजे द्विमान ११००. हा अंक नव्हे. त्यात ६ मिळवले की १८ होतात, चार बिटांबाहेर एक हातचा जातो आणि आत २ उरतात. पाटीवर मूल जे करते, ‘बाराचे दोन, हातचा एक’, तेच येथे सहा मिळवून साधले जाते. ‘डीएए’ आज्ञा हे सहा गरज असेल तेव्हाच मिळवते.

वंशावळीतील गफलत

आता त्या सरळ वंशावळीकडे वळावे. ८००८ हा ४००४ चा पुत्र नव्हे. त्याची रचना कॉम्प्युटर टर्मिनल कॉर्पोरेशन या कंपनीच्या डेटापॉइंट २२०० या टर्मिनलसाठी व्हिक्टर पूर आणि हॅरी पाइल यांनी केलेल्या आराखड्यातून आली. अक्षरे हाताळणे हे त्याचे काम, म्हणून त्याचा घटक आठ बिटांचा; त्यात ‘डीएए’ ही आज्ञाच नाही. ४००४ आणि ८००८ यांत कारखाना एक, काही माणसे एक, परंतु रचनेची कुळे दोन आहेत. केवळ आकड्यांच्या साम्यावरून बांधलेली वंशावळ पाठ्यपुस्तकांतून टिकून राहिली, कारण ती लक्षात ठेवण्यास सोपी आहे.

याहून मनोरंजक गोष्ट १९७४ साली घडली. ८०८० या प्रोसेसरमध्ये ‘डीएए’ परत आली आणि तिच्यासाठी खालच्या चार बिटांतून वरच्या चार बिटांत जाणारा हातचा नोंदविणारे वेगळे निशाणही आले. ८०८० च्या घडणीत मासातोशी शिमा होते, तेच बिझिकॉमचे शिमा. पुढे १९७६ च्या झेड-८० मध्येही ते होते आणि तेथे ही आज्ञा वजाबाकीलाही लागू पडू लागली. एका माणसाच्या प्रवासातून आज्ञेचा प्रवास सिद्ध होत नाही. हिशेबी ग्राहकांची गरज हेही तितकेच सबळ कारण आहे. तरीही कॅल्क्युलेटरचे रक्त ८०८५ मध्ये आले ते ८००८ कडून नव्हे, हे निश्चित म्हणता येते. प्रयोगशाळेत ८०८५ च्या संचावर दोन दशमान संख्यांची बेरीज करताना विद्यार्थी ‘डीएए’ लिहितो आणि ‘सहायक हातच्या’च्या निशाणाची व्याख्या पाठ करतो. तिचा उगम कशात आहे हे त्याला सांगितले जात नाही, म्हणूनच ती त्याला अडगळीसारखी वाटते.

एकाच चिपवरील काटकसर

४००४ च्या दोन महिने आधी, सप्टेंबर १९७१ मध्ये, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने टीएमएस १८०२ ही चिप जाहीर केली होती. गॅरी बून यांचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. आज्ञा, स्मृती, गणित, कळफलक आणि अंकदर्शन हे सारे एकाच चिपवर होते. तीत ११ बिटांच्या ३२० आज्ञा आणि १८२ बिटांची स्मृती होती. हा १८२ चा आकडाही बोलका आहे : तेरा अंकांची तीन रजिस्टरे म्हणजे १५६ बिट, आणि तेरा-तेरा बिटांच्या दोन खुणांच्या ओळी म्हणजे २६ बिट. तेरा अंकांपलीकडे काही साठवण्याची सोयच नाही.

पहिला मायक्रोप्रोसेसर कोणता, हा वाद याच दोन चिपांभोवती फिरतो. वादाला पेटंटच्या निमित्ताने धार आली, परंतु रचनेच्या अभ्यासकाला तो फारसा उपयोगी नाही. ४००४ मध्ये घटक वेगवेगळे ठेवून लवचीकता मिळवली होती. टीएमएस १८०२ मध्ये लवचीकता सोडून स्वस्ताई मिळवली होती. आज घरातील धुलाईयंत्रापासून रिमोटपर्यंत सर्वत्र असलेले मायक्रोकंट्रोलर दुसऱ्या वाटेने आले आहेत. १९७४ च्या टीएमएस १००० मध्ये चार बिटांची ६४ घरे सोळा-सोळाच्या चार ओळींत मांडलेली होती. संख्येचे जुने माप तेथेही सुटले नव्हते. या चिपमधील आज्ञांचा क्रमदर्शक एक-दोन-तीन असा मोजत नसे. तो एका ठरावीक विस्कळीत क्रमाने उड्या मारी, कारण एकने वाढविणाऱ्या मंडलापेक्षा तसे मंडल कमी ट्रान्झिस्टरांत होते. क्रम विस्कळीत असला तरी ठरलेला आहे, एवढे पुरे होते.

या काटकसरीचे टोक म्हणजे १९७४ चा सिंक्लेअर सायंटिफिक. चार मूलभूत क्रियांसाठी असलेल्या टीएमएस कुळातील चिपवर, तेवढ्याच ३२० आज्ञांत, नायजेल सर्ल यांनी साइन, कोसाइन, टॅनजंट, त्यांची व्यस्त फले आणि लॉगॅरिथम बसविले. कोन अगदी लहान टप्प्यांनी, दर वेळी ०.००१ रेडियन, फिरवत न्यायचा, लॉगॅरिथमसाठी ०.९९ ने वारंवार गुणायचे. उत्तराला काही वेळा पंधरा सेकंदांपर्यंत वेळ लागे आणि पाच अंकांपैकी सुमारे तीनच विश्वासार्ह असत. अंशांचे रेडियन करण्याचा स्थिरांक साठविण्यास जागा नव्हती, म्हणून ५७.२९५७८ हा आकडा यंत्राच्या आवरणावर छापून टाकला. ‘खरे’ वैज्ञानिक यंत्र म्हणून हा कॅल्क्युलेटर टीकेस पात्र आहे. त्रिकोणमितीच्या कामाला तीन अंक पुरत नाहीत. परंतु स्मृतीचा भार ग्राहकाच्या डोळ्यांवर टाकण्याची ही युक्ती त्या काळातील रचनाविचाराचे सर्वांत प्रामाणिक उदाहरण आहे.

एचपी-३५ : रचनेचे परिपक्व रूप

दशमान परंपरेची सर्वांत सुबक निर्मिती म्हणून १९७२ च्या एचपी-३५ चा उल्लेख करावा लागेल. त्याची रजिस्टरे ५६ बिटांची, म्हणजे चौदा अंकांची होती : एक चिन्हाचे घर, दहा मुख्य अंक, एक घातांकाच्या चिन्हाचे घर आणि दोन घातांकाचे अंक. बिट एकामागून एक सरकत. एका फेरीस २८० मायक्रोसेकंद लागत, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेतीन हजार आज्ञा. आजच्या मापाने ही गती हास्यास्पद आहे. पण रजिस्टर सरकत असल्यामुळे एक असामान्य सोय झाली : ‘फक्त घातांकावर’, ‘फक्त मुख्य अंकांवर’, ‘फक्त चिन्हावर’ क्रिया करा, असे प्रत्येक आज्ञेतच सांगता येई. ठरावीक वेळी दार उघडायचे आणि ठरावीक वेळी लावायचे, एवढेच मंडलाला करावे लागे. सर्व बिट एकदम हाताळणाऱ्या यंत्रात याच कामासाठी मुखवटे लावणे, सरकवणे, पुन्हा जोडणे असा खटाटोप करावा लागतो. क्रमाने चालणे हे येथे दारिद्र्याचे लक्षण नसून सामर्थ्याचे कारण झाले आहे.

गणिताच्या रीतीही या रचनेशी सुसंगत होत्या. १९५९ साली जॅक व्होल्डर यांनी विमानाच्या दिशादर्शनासाठी कॉर्डिक ही रीत मांडली. तीत केवळ बेरीज, वजाबाकी आणि सरकवणे यांच्या साहाय्याने त्रिकोणमितीय फले काढता येतात. व्होल्डर यांची रीत द्विमान होती. डेव्हिड कॉक्रन यांनी एचपी-३५ साठी वापरलेल्या रीती दशमान होत्या : २, १.१, १.०१, १.००१ या संख्यांचे लॉगॅरिथम आणि १, ०.१, ०.०१ यांचे व्यस्त टॅनजंट एवढेच साठवायचे. दहाने भागणे म्हणजे एक घर सरकणे, आणि सरकणे तर या यंत्राचा स्वभावच. हेन्री ब्रिग्ज यांनी सतराव्या शतकात लॉगॅरिथमची कोष्टके हाताने तयार करताना वापरलेल्या विचाराशी याचे नाते जवळचे आहे. सारा कार्यक्रम १० बिटांच्या ७६८ आज्ञांत मावला. त्यात चूक राहिलीच. आरंभीच्या यंत्रांत २.०२ चा नैसर्गिक लॉगॅरिथम घेऊन पुन्हा घातफल काढले असता उत्तर २ येई. कंपनीने ती यंत्रे बदलून देण्याची तयारी दाखविली.

साधनांविषयी

जुन्या प्रोसेसरच्या आतील आज्ञा इतक्या तपशिलाने कशा कळतात, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. एचपी आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स यांच्या त्या काळातील पेटंटांत संपूर्ण आज्ञावली छापलेली आहे. हक्क पक्का करण्यासाठी केलेला तो खटाटोप इतिहासाच्या उपयोगी पडला. जेथे असे लेख नाहीत तेथे चिपच उघडून तिची छायाचित्रे वाचावी लागतात. सिंक्लेअर सायंटिफिकची आज्ञावली केन शिरिफ यांनी २०१३ साली अशाच रीतीने उलगडून प्रसिद्ध केली. भारतात १९७० च्या दशकात डीसीएम आणि नंतर १९७६ साली शिव नाडर व सहकाऱ्यांनी काढलेली मायक्रोकॉम्प यांनी कॅल्क्युलेटरच्या धंद्यात पाऊल टाकले; मायक्रोकॉम्पच्या मागोमाग एचसीएल उभी राहिली. त्या धंद्याचा आर्थिक इतिहास लिहिला जातो. त्या यंत्रांच्या आतील चिप मात्र भंगारात जात आहेत, आणि ती यंत्रे उघडून पाहणे हे काम एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयालाही झेपण्यासारखे आहे : साधा सूक्ष्मदर्शक, आम्ल हाताळण्याची काळजी आणि चिकाटी एवढेच त्यास लागते.

दशमान रचनेचे पुढे काय झाले

प्रचलित इतिहासात दशमान पद्धत ही बाल्यावस्था मानली जाते. यंत्र मोठे झाले आणि ती गळून पडली, असा त्याचा सूर असतो. काही प्रमाणात ते खरे आहे. इंटेलच्या ८०८६ मध्ये दशमान दुरुस्तीच्या सहा आज्ञा होत्या. एएमडीने आखलेल्या आणि २००३ साली बाजारात आलेल्या ६४ बिटांच्या रचनेत त्या काढून टाकल्या गेल्या. परंतु २००७ साली आयबीएमच्या पॉवर-६ या प्रोसेसरमध्ये दशमान अपूर्णांकांसाठी स्वतंत्र मंडल बसविले गेले, आणि २००८ साली अपूर्णांकांच्या गणिताच्या आंतरराष्ट्रीय मानकात दशमान स्वरूपांचा समावेश झाला. बँकांच्या व्याजाच्या आकडेमोडीत दहा पैशांचा तो जुना प्रश्न सुटलेला नव्हता. गळून पडलेली गोष्ट परत आणावी लागली, तेव्हा तिला बाल्यावस्था म्हणणे युक्त नाही.

कॅल्क्युलेटरच्या कुळात तर ही रचना शरीर बदलून टिकली. एचपीने १९८४ साली सॅटर्न हा प्रोसेसर आणला. त्याची मुख्य रजिस्टरे ६४ बिटांची, म्हणजे सोळा अंकांची, आणि घातांक वा मुख्य अंक एवढ्याच भागावर क्रिया करण्याची एचपी-३५ ची सोय त्यात जशीच्या तशी होती. २००३ साली एचपी-४९जी+ मध्ये सॅटर्न चिप उरली नाही. तिच्या जागी द्विमान पद्धतीने चालणारा आर्म प्रोसेसर आला आणि त्यावर सॅटर्नची नक्कल करणारा कार्यक्रम चालू लागला. वित्तीय क्षेत्रात १९८१ पासून वापरात असलेल्या एचपी-१२सीच्या नंतरच्या आवृत्त्यांतही हेच घडले आहे. कळ दाबली की ३२ बिटांचा प्रोसेसर आधी स्वतःला चार-चार बिटांच्या अंकांचे जुने यंत्र भासवतो आणि मग, बाराचे दोन, हातचा एक, असे करत व्याज काढतो.